नवी गाडी, ६४० किलोमीटर आणि क्लचमधून येणारे आवाज

शाळेच्या_बाई (८ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आठ दिवस आयुष्यातली पहिली नवीकोरी गाडी घेतली. पेट्रोल, तीन सिलिंडर, पाच गिअर, मॅन्युअल. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की उत्तरं माझ्या प्रश्नाची कमी आणि कंपनीची जास्त येतात. याआधी बारा वर्षं वडिलांची जुनी गाडी चालवली, त्यामुळे नवशिकी नाही. पण त्या गाडीत इतके आवाज यायचे की एखादा जास्तीचा आला तरी कळत नसे. ही गप्प आहे म्हणून ऐकू येतंय.

तर प्रकार असा. क्लच दाबला की ‘चीं’ असं काहीतरी वाजतं, नवीन चप्पल ओल्या फरशीवर वाजते तसं. दर वेळी नाही, पण सकाळी हमखास. आणि सिग्नलला किंवा फाटकाजवळ न्यूट्रलला टाकून पाय काढला की खालून घरघर येते, डब्यात वाटाणे हलवल्यासारखी. पुन्हा क्लच दाबला की बंद. सुरुवातीला वाटलं डिकीत काही लोळतंय. डिकी रिकामी केली, स्टेपनीचा बोल्ट आवळला, पान्याला फडकं गुंडाळलं. घरघर तशीच.

मीटरवर आज ६४० किलोमीटर आहेत. त्यातले निम्मे कुंभार्ली घाटाच्या वाटेवरचे, कारण माहेर कराडला आणि जमेल त्या शनिवारी मी तिकडे.

डीलरकडे जाऊन आले. तिथले सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, “मॅडम, नवीन गाडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो. हजारच्या सर्व्हिसला बघू.” तरी एक चक्कर मारायला लावलीच मी. त्या चकरेत गाडी अशी गप्प बसली, जसा साहेब तपासणीला आले की आमचा सातवीचा वर्ग बसतो.

वडील एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपो, एकतीस वर्षं. त्यांना फोनवर आवाज ऐकवला. ऐकून म्हणाले, “पाय काढ.” म्हटलं कशावरून? “क्लचवरून. गाडी पळताना पाय तिथंच ठेवतेस, मला दिसतं.” कराडहून त्यांना माझा पाय कसा दिसतो हे विचारायची सोय नाही.

हे आवाज साधे आहेत की काही बिघाड आहे? हजार किलोमीटरची वाट बघू का?

घाटरस्ता (८ जुलै, रात्री १०:०५)

क्लचप्लेट गेली. घाटात हाफ क्लचवर, पेडल अर्धं दाबून गाडी धरली असणार. हल्लीच्या गाड्यांत सगळं पत्र्याचं आणि प्लास्टिकचं असतं, जुन्यासारखा माल राहिला नाही. प्लेट बदलून टाका, दुसरं काय.

मिरज_गॅरेज (९ जुलै, सकाळी ७:१५)

घाटरस्ता भाऊ, प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घासणारी चकती) गेली की सहसा आवाज येत नाही, वास येतो. आणि इंजिन बोंबलतं पण गाडी पळत नाही. बाईंनी त्यातलं काहीच लिहिलेलं नाही. उगाच दहा-बारा हजारांचा खर्च सांगू नका माणसाला.

ताई, मिरजेत माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. एक गोष्ट पहिल्यांदा सांगतो. आवाज कसा येतो ते आम्हाला सांगू नका. प्रत्येकाची चीं वेगळी आणि घरघर वेगळी. एक गिऱ्हाईक महिनाभर “शिट्टी वाजते” म्हणत होतं, ती निघाली खडखड. आवाज आला तेव्हा तुमचा पाय कुठं होता आणि इंजिन चालू होतं का, एवढं सांगा. निम्मं निदान तिथंच होतं.

आता जरा वेळ काढून हे करा. सपाट जागा बघा, हँडब्रेक लावा, चाकामागं दगड टाका. बंद शेडमध्ये करू नका, इंजिन चालू ठेवायचंय.

पहिल्यांदा किल्ली काढून घ्या. इंजिन बंद, आजूबाजूला सामसूम. पेडल सावकाश खाली न्या, सावकाश सोडा. दहा वेळा. चीं इथंच आली तर ती आतल्या क्लचची नाही. पेडलचा पिन, त्याचा प्लास्टिकचा बूश, नाहीतर पेडलला मदत करणारी स्प्रिंग, यातलं काहीतरी कोरडं आहे. ती स्प्रिंग तुम्ही अर्ध्यापर्यंत दाबलं की पुढं पेडल स्वतःच खाली ओढते, म्हणून हल्लीची पेडलं हलकी लागतात. तिच्या टोकाला प्लास्टिकची वाटी असते, तिथं ग्रीस कमी असलं की बोलते. डोकं डॅशखाली घालून ऐका. बिघाड नाही तो, फक्त कटकट. मात्र बंद इंजिनावर आवाज बॉनेटच्या बाजूनं आला तर फोर्कचा, म्हणजे आत क्लच ढकलणाऱ्या दांड्याचा, पिव्हट कोरडा असू शकतो, तो गिअरबॉक्सच्या आत असतो.

मग इंजिन चालू करा, न्यूट्रल, पाय पूर्ण बाजूला. घरघर आहे? आता पेडल खाली न्या. गेली? म्हणजे क्लच सुटला, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी आत नेणारा दांडा) थांबला आणि त्याच्याबरोबर फिरणारं सगळं थांबलं. आवाज गिअरबॉक्समधला आहे, एवढं पक्कं. तो बेअरिंगचा की नुसत्या गिअरांचा, हे पुढं बघू.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. इंजिन चालूच, न्यूट्रल. पेडलवर पाय नुसता टेकवा, मग कणाकणानं दाबत जा. पेडल मोकळं असताना काही नव्हतं आणि पाव-तिहाई खाली गेल्यावर काही नवीन सुरू झालं का? रेस थोडी वाढवली की तेही वाढतं का? तिथं रिलीज बेअरिंगवर, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, दाब येतो. तिथला आवाज मनावर घ्यायचा.

आणखी एक तपासणी असते, क्लच दाबून गिअर टाकायचा, पण ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप-टेम्पोतल्या पायलट बेअरिंगसाठी. तुमच्या छोट्या गाडीत बहुधा तो बेअरिंगच नाही. सोडून द्या.

हे करून लिहा. आणि कोणी सांगितलं म्हणून पेडलजवळ गंज काढायचा स्प्रे मारू नका. आठ दिवस बरं वाटतं, मग आहे ते ग्रीसही धुऊन गेलेलं असतं.

रत्नागिरी_०८ (९ जुलै, दुपारी १:३०)

बाई, माझाही एक अनुभव. आवाज नव्हे, थरथर. गेल्या पावसाळ्यात चार दिवस गाडी उघड्यावर उभी होती, धो धो पाऊस. पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या गिअरला क्लच सोडला तर गाडी अशी हादरली की मला वाटलं इंजिन सुटून खाली पडतंय. तीन-चार वेळा उचलल्यावर आपोआप थांबली. आमच्या मेकॅनिकने सांगितलं की क्लचप्लेट ज्यांच्यामध्ये दाबली जाते त्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या लोखंडाला दमट हवेने वरच्या वर गंज धरतो, प्लेट घासली की पुसला जातो. ब्रेक डिस्कला सकाळी तांबूस थर दिसतो, तसाच. कोकणात राहता म्हणून सांगून ठेवलं. रोज थरथरली तर मात्र दाखवा.

शाळेच्या_बाई (११ जुलै, रात्री ८:५५)

मिरजवाले दादा, गृहपाठ करून आणला आहे.

काल शाळा सुटल्यावर गाडी मैदानात घेतली. मागच्या चाकांना दोन चिरे लावले. आमचे शिपाईमामा सोबत होते. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण शाळेची पंपमोटर बिघडली की वायरमनच्या आधी तेच सांगतात काय झालंय.

इंजिन बंद: चीं आली. दहातून सात वेळा. पेडल साधारण अर्ध्यावर पोचतं त्या जागी, खाली जाताना आणि वर येतानाही. डोकं डॅशखाली घालून ऐकलं (साडी नेसून हे करणं हा वेगळा विषय), आवाज अगदी नाकासमोर, पेडलच्या वरच्या अंगाला. तिथे बोट लावून पेडल हलवलं तर बोटाला चीं जाणवली, अक्षरशः. म्हणजे ही कटकट.

इंजिन चालू, पाय बाजूला: सुरुवातीला काहीच नाही. मी तर निराश झाले. मग मामा म्हणाले, “गार हाय म्हणून.” गावातून एक चक्कर मारून आलो, वीस मिनिटं. परत उभी केली तर घरघर सुरू. क्लच दाबला, बंद. सोडला, सुरू. एसी लावला तर आवाज बदलतो, जरा कमी होतो. शनिवारी घाट उतरून आल्यावर ही घरघर सगळ्यात जास्त असते, हेही आता लक्षात आलं.

आणि तिसरी गोष्ट. दादा, इथे काहीतरी आहे. गाडीत बसून मला नीट ऐकू आलं नाही, घरघर संपते आणि हे सुरू होतं, एकात एक मिसळतं. मग मामांनी युक्ती केली. शाळेचा गडगा आहे चिऱ्यांचा, पुरुषभर उंच. त्याला लागून गाडी उभी करायला लावली, हातभर अंतर ठेवून, काचा खाली. भिंतीवरून आवाज परत येतो. पेडल साधारण तिसरा हिस्सा दाबलं की एक कोरडी खरखर सुरू होते. गिरणीत दळण संपतं आणि जातं रिकामं फिरायला लागतं, तशी. पूर्ण दाबलं तरी राहते. रेस दिली की वाढते. इंजिन बंद असताना अजिबात नाही. मामा बॉनेटजवळ उभे होते, त्यांनी न विचारता हात वर केला, बरोबर त्याच जागी, चारही वेळा.

म्हणजे आवाज दोन नव्हते, तीन होते.

चाकणकर (११ जुलै, रात्री ११:२०)

मी चाकणला गिअरबॉक्सच्या कंपनीत आहे, गाडीतले आवाज आणि कंपनं मोजायच्या विभागात. बाईंच्या दुसऱ्या आवाजाबद्दल लिहितो, कारण या एका आवाजावरून रोज कुठेतरी भांडण होत असतं.

तुमच्या बॉक्समध्ये पाच पुढच्या गिअरांच्या पाच जोड्या आहेत आणि त्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. गिअर टाकता तेव्हा त्यातली एक जोडी शाफ्टला पक्की होते, बाकीच्या मोकळ्याच फिरत राहतात. न्यूट्रलला पाचही मोकळ्या. आणि दात्यात दाता बसवताना केसभर फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर गिअर अडकतील.

आता इंजिन. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे दर २४० अंशांना एक. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभ्या गाडीत सेकंदाला २० धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) किंचित पळतो आणि पुढच्या धक्क्यापर्यंत किंचित मंदावतो. चार सिलिंडरमध्ये हेच १८० अंशांना होतं, धक्के जवळ जवळ येतात, चाल जास्त सारखी राहते. ही पळापळ क्लचप्लेटमधल्या छोट्या स्प्रिंगा बरीचशी गिळतात, पण सगळी नाही. उरलेली शाफ्टपर्यंत पोचते आणि मोकळे गिअर त्या केसभर फटीत पुढे-मागे आपटतात. ते तुमचे वाटाणे.

गार असताना का नाही? गिअर ऑइल घट्ट असतं, मोकळ्या गिअरांना धरून ठेवतं. तापलं की पातळ होतं, गिअर सुटे होतात. मामांनी ‘गार हाय म्हणून’ म्हटलं ते आमच्याकडे नव्या माणसाला समजवायला अर्धा दिवस जातो. एसीने इंजिनावरचा भार आणि फेऱ्या दोन्ही बदलतात, म्हणून आवाज बदलतो. इनपुट शाफ्टचा बेअरिंग खराब असता तर तोही क्लच दाबल्यावर थांबला असता, हे खरं. पण तो वाटाण्यांसारखा न वाजता एकसंध घूं करतो, सहसा गार गाडीतही ऐकू येतो आणि चालत्या गाडीत वेगाबरोबर चढतो. तुमचं तसं दिसत नाही.

खात्री करायची तर डीलरच्या डेमो गाडीत बसा, पण ती आधी वीस मिनिटं पळवून आणा. गार डेमो गाडीशी तुमची तापलेली गाडी ताडून पाहिली तर फसाल.

याच्यावर उपाय मागू नका. नाहीतर बॉक्स विनाकारण उघडतील. एकच काळजी घ्या: घाटात तिसऱ्या गिअरवर १,२०० फेऱ्यांवर रेटत चढलात तर तीच घरघर भाराखाली येईल. खालचा गिअर टाका.

तिसऱ्या आवाजाबद्दल मिरजवाले सांगतील. मला तो आवडलेला नाही.

मिरज_गॅरेज (१२ जुलै, सकाळी ७:०५)

ताई, तुमच्या शिपाईमामांना माझ्या गॅरेजला पाठवून द्या. पगार देतो.

खरखर रिलीज बेअरिंगची आहे असं मी इथं बसून नव्वद टक्के म्हणतो. उरलेले दहा टक्के बॉक्स खाली घेतल्याशिवाय कुणीच सांगू नये.

तो बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगरांवर (बोटांसारख्या स्प्रिंगपट्ट्यांवर) टेकतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा फोर्क त्याला पुढं ढकलतो आणि तो फिरणाऱ्या फिंगरांना दाबतो, तेव्हा प्लेट सुटते. जुन्या केबलच्या गाड्यांत पेडल सोडल्यावर बेअरिंग फिंगरांपासून जरा लांब उभा असायचा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांतल्या ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये तो कायम हलका टेकलेलाच राहतो आणि इंजिनबरोबर फिरतो. म्हणून “पाय काढल्यावर आवाज म्हणजे बेअरिंग नाही” हा आमचा जुना ठोकताळा आता शंभर टक्के लागू पडत नाही. पण भार आल्यावर सुरू होणारी, रेसबरोबर वाढणारी कोरडी खरखर, हे मात्र तेव्हाही बेअरिंगचं होतं आणि आजही आहे. आत ग्रीस कमी भरलं गेलं, नाहीतर बसवताना वाकडा बसला, तर नव्या गाडीतही होतं. रोज होत नाही, पण होतं.

तुमच्या वडिलांचं म्हणणं: पेडलवर पाय ठेवून चालवलं तर बेअरिंगला कायम भार राहतो आणि तो लवकर जातो, हे खरंय. पण ६४० किलोमीटरात जात नाही. एवढ्यात गेला म्हणजे आलाच तसा होता. पाय मात्र काढा.

आता डीलरकडं कसं जायचं ते सांगतो, निदानापेक्षा हे अवघड आहे.

एकच सलग व्हिडिओ काढा, तुकडे नकोत. सुरुवातीला मीटरवरचे किलोमीटर, मग तुमचा पाय, मग इंजिन चालू, पाय बाजूला दहा सेकंद, मग सावकाश दाबा, धरा, थोडी रेस, सोडा. मग इंजिन बंद आणि परत पेडल दाबा. त्या शेवटच्या भागानं पेडलची चीं आणि आतली खरखर वेगळ्या आहेत हे दिसेल. नाहीतर ते पेडलला ग्रीस मारतील, चीं जाईल, आणि “आवाज गेला, सही करा” म्हणतील. तुमचा खरा आवाज त्या चींच्या मागं लपून बसलाय.

जॉब कार्डवर ‘क्लच नॉइज’ असं दोन शब्दांत लिहू देऊ नका. हे लिहून घ्या: इंजिन चालू, न्यूट्रल, पेडल तिसरा हिस्सा दाबल्यावर बॉक्सच्या बाजूनं कोरडी खरखर सुरू होते, फेऱ्यांबरोबर वाढते, इंजिन बंद असताना येत नाही. तारीख, किलोमीटर, आणि कार्डाची प्रत तुमच्याकडं. हजारची वाट बघू नका. आजचे किलोमीटर कागदावर चढले पाहिजेत. क्लचप्लेट घासणारा भाग म्हणून वॉरंटीतून बहुतेक ठिकाणी वगळलेली असते, आणि उद्या दहा हजार किलोमीटरला गेलात तर बेअरिंगलाही तोच नियम लावायला बघतील. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढा, ते पान वाचून जा.

बॉक्स खाली घेतलाच तर फोर्कचा पिव्हट आणि फिंगरांची उंची बघायला सांगा. काही गाड्यांत बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबानं त्याला ढकलणारा भाग) एकच असतात, तसं असेल तर सगळं एकत्र बदलेल. आणि चाकांचे शाफ्ट ओढले की गिअर ऑइल सांडतं. परत किती भरलं, नवीन भरलं का, हे बिलावर बघा. हे कुणी विचारत नाही.

घाटरस्ता (१२ जुलै, सकाळी ९:३०)

म्हणजे प्लेट नव्हती तर. बरं. पण क्लच खोलणारच आहेत तर प्लेट पण बदलून घ्या ना, एका मजुरीत होईल.

मिरज_गॅरेज (१२ जुलै, सकाळी ९:४२)

६४० किलोमीटरची प्लेट?

शाळेच्या_बाई (२ ऑगस्ट, रात्री १०:१०)

उशीर झाला लिहायला, मध्ये चाचणी परीक्षा होत्या. सगळं सविस्तर लिहिते, कारण या धाग्यावर मला जे मिळालं ते मला डीलरकडे कोणी आपणहून दिलं नसतं.

१४ जुलैला गेले. मीटर ७१२. तेच ॲडव्हायझर. मी फोन पुढे केला, त्यांनी अर्धा व्हिडिओ बघून “पेडलचा आवाज आहे मॅडम, ग्रीसिंग करून देतो” म्हटलं. दादा, तुमचा शब्द न् शब्द खरा. म्हटलं ग्रीसिंग करा, पण शेवटपर्यंत बघा. शेवटपर्यंत पाहिल्यावर त्यांनी आतून एका वयस्कर टेक्निशियनना बोलावलं. त्यांनी व्हिडिओ बघितलाच नाही. सरळ गाडीत बसले, काचा खाली केल्या, गाडी वर्कशॉपच्या भिंतीला लावली आणि पेडल हळूहळू दाबलं. शाळेच्या गडग्याची युक्ती त्यांना आधीपासून माहीत होती. दुसऱ्यांदा दाबून उतरले आणि ॲडव्हायझरना म्हणाले, “पार्ट मागवा.”

डेमो गाडी तापवून आणायची मागणी केली तेव्हा मात्र सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी एका मुलाला दिली चक्कर मारायला. परत आल्यावर न्यूट्रलला टाकली. तेच वाटाणे. चाकणकर, आभार. त्या आवाजाशी माझं आता काही भांडण नाही. परवा शेजारच्या काकांनी “तुमची गाडी वाजते हो” म्हटलं, तर मी त्यांना २४० अंश समजावून सांगितले. ते पुन्हा विचारणार नाहीत.

पेडलची चीं त्याच दिवशी गेली. त्या स्प्रिंगच्या टोकाची वाटी, तुम्ही लिहिली होती तीच. टेक्निशियनने काडीवर पांढरं ग्रीस घेऊन डॅशखाली झोपून लावलं, पाच मिनिटांचं काम.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. तोवर गाडी चालवू का विचारलं तर म्हणाले चालवा, पण घाट नको. म्हणून दोन शनिवार एसटीने कराडला गेले. वडील स्टँडवर घ्यायला आले आणि गाडी बिघडल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, लेक एसटीने आली याचंच कौतुक.

२५ जुलैला बॉक्स खाली घेतला. मला आत सोडत नव्हते, मग त्या टेक्निशियनकाकांनीच जुना बेअरिंग बाहेर आणून दाखवला. माझ्या मुठीत मावेल एवढाच. नवा आणि जुना दोन्ही हातात दिले आणि म्हणाले, फिरवा. नवा फिरवला तर जड, गुळगुळीत, मधात चमचा फिरवल्यासारखा. जुना भरकन फिरला आणि बोटांना आत वाळू असल्यासारखी कचकच लागली. डोळे मिटून सांगता आलं असतं कोणता कोणता. जुना ठेवून घ्यायचा होता, पण वॉरंटीत बदललेला भाग कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणाले. फोटो काढून घेतला.

पैसे लागले नाहीत. गिअर ऑइलचं विचारलं. बिलावर नवीन ऑइल चढलेलं होतं, रक्कम शून्य. ॲडव्हायझरनी विचारलं, “मॅडम, तुमच्या घरी कोणी मेकॅनिक आहे का?” म्हटलं शाळेत शिपाई आहेत.

आता क्लच जरा वेगळ्या उंचीवर पकडतो, पहिले दोन दिवस गाडी दोनदा बंद पडली, मग सवय झाली. गडग्याला लावून परत ऐकली. खरखर नाही. मामांनी हात वर केला नाही.

गेल्या शनिवारी घाटातून कराडला गेले आणि येताना वडिलांना सोबत आणलं. पोफळीपर्यंत त्यांनी रस्त्याकडे एकदाही बघितलं नाही. बघत होते ते माझ्या डाव्या पायाकडे. घाट उतरल्यावर म्हणाले, “बेअरिंग खराबच होता, मान्य. पण हेळवाकपासून इथपर्यंत तू अकरा वेळा पाय ठेवलास.” डाव्या बाजूला पाय टेकवायला एक सपाट जागा दिलेली आहे, ती जवळपास दोन महिन्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली.

आता एकच शंका. रिव्हर्सला गाडी सूंऽऽ करते, वेगाबरोबर चढत जातं. पुढच्या कुठल्याही गिअरला नाही. व्हिडिओ टाकू?

मिरज_गॅरेज (३ ऑगस्ट, सकाळी ७:००)

नको. पुढच्या गिअरांचे दाते तिरके कापलेले असतात, ते गप्प चालतात. रिव्हर्सचे बहुतेक गाड्यांत सरळ असतात, ते गातात. तुमच्या वडिलांच्या एसटीतही गात होते, त्यांना विचारा.